ओटीपोटावरील शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांना होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग व त्याचा प्रतिबंध : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात नव्या शस्त्रक्रियांची नोंद आवर्जून होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या दुखण्याची नोंद मात्र क्वचितच होते. गर्भाशय काढणे किंवा अंग बाहेर येण्यावरील शस्त्रक्रिया यांनंतर होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हे असेच एक दुर्लक्षित दुखणे होय. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात त्याच्या प्रतिबंधाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रुग्णालयातील प्रतिबंध

१८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियापद्धती मांडली. त्यानंतरच्या पिढीतील शल्यचिकित्सक डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले. सांगलीत काम सुरू करून पुढे त्यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मिरज (१९६२) आणि कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय (१९८४) यांमुळे या परिसरातील शल्यचिकित्सेला अध्यापनाचीही जोड मिळाली.

जखमेची काळजी घेतली जाऊ लागली, तरी मूत्रमार्गाचा प्रश्न वेगळा होता. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर इतकाच लांब असतो. त्यामुळे आतड्यातील जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. १९३० च्या दशकात फोली यांनी फुग्याचा कॅथेटर प्रचारात आणला. शस्त्रक्रियेनंतर लघवीची सोय झाली, परंतु जंतूंनाही वाट मिळाली. नळीचे टोक उघड्या बाटलीत सोडल्यास सुमारे चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू आढळत. १९५८ मध्ये पॉल बीसन यांनी कॅथेटरच्या सर्रास वापराविरुद्ध इशारा दिला, तर १९६६ मध्ये क्युनिन व मॅकॉरमॅक यांनी बंदिस्त निचरा पद्धतीचे महत्त्व दाखवून दिले. तरीही कॅथेटरच्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू येण्याचा धोका ३ ते ७ टक्के असतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर शक्यतो २४ तासांच्या आत कॅथेटर काढावा, असे २००९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रतिजैविकांचा लांबलेला वापर हा त्याला पर्याय नाही. त्यातून औषधांना दाद न देणारे जंतू निर्माण होतात.

उसाच्या फडातील वास्तव

रुग्णालयातून घरी पाठवल्यावर हा प्रश्न संपतो का? दरवर्षी गळीत हंगामात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात येतात. त्यांत सातारा व सांगलीतील फडांचाही समावेश असतो. पती-पत्नी मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने खाडा परवडत नाही. या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

गर्भाशयासोबत अंडाशयही काढल्यास इस्ट्रोजेन अकाली घटते आणि मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होण्याची शक्यता वाढते. कोपीजवळ शौचालय नाही, पाणी दुरून आणायचे, म्हणून पाणी कमी पिणे व लघवी तासन्‌तास रोखणे भाग पडते. अशा परिस्थितीत रुग्णालयात घेतलेली सारी दक्षता फडात वाया जाण्याची भीती असते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, प्रतिबंधाचे तीन टप्पे मानावे लागतील. अनावश्यक शस्त्रक्रिया टाळणे हा पहिला, कॅथेटर लवकर काढणे हा दुसरा, आणि शस्त्रक्रियेनंतर पुरेशी विश्रांती, पाणी व शौचालय मिळणे हा तिसरा. दुसरा टप्पा वैद्यकाने शंभर वर्षांच्या अनुभवातून साधला. पहिल्यासाठी वैद्यकीय नीती, तर तिसऱ्यासाठी कारखाने, मुकादम व शासन उत्तरदायी आहेत. त्यांनी आपली जबाबदारी उचलल्याखेरीज या इतिहासाचे फलित ऊस तोडणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचणार नाही.