दाखला मिळाला म्हणून ब्लॉक टाकायचे?

येडगाव धरणाच्या आसपास ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, हे जुन्नर तालुक्यात कुणाला सांगायला नको. बिबट्या मेला की पंचनामा होतो, पशुवैद्य शवविच्छेदन करतात आणि नखं-मिशा बाजारात जाऊ नयेत म्हणून शव वन अधिकाऱ्यांसमोर जाळलं जातं. म्हणजे त्या टेबलावर जे काढून ठेवलं, तेवढंच उरतं. तरीही समज असा रूढ आहे की ‘वाहनाच्या धडकेने मृत्यू’ असं अहवालात आलं की ऊतींचे नमुने सांभाळण्यात अर्थ नाही. आणि फारच हौस असेल तर स्लाइड स्कॅन कराव्यात, मेणाचं नि काचेचं ओझं कशाला?

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. नमुने ज्यात बुडवून ठेवतात ते फॉर्मॅलिन कर्करोगकारक आहे, बरण्या गळतात आणि वर्षानुवर्षं त्यात पडलेल्या तुकड्यातला आरएनए तुटत जातो. प्राण्यांवरच्या सुरक्षितता-चाचण्यांसाठी भारताने स्वीकारलेली ओईसीडीची जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा पद्धती) तत्त्वंही नाशवंत नमुने परीक्षणाजोगे असेपर्यंतच ठेवायला सांगतात. तेव्हा ओल्या बरण्या यथावकाश काढल्या तर खुशाल काढाव्यात. ऊतीचा तुकडा मेणात बसवलेल्या पॅराफिन ब्लॉकची गोष्ट निराळी.

मुळात धडक हे शेवटचं कारण झालं. जनावर भर दिवसा, माणसाला न बुजता रस्त्यावर का आलं? 2003 साली रशियाच्या अतिपूर्वेत पोक्रोव्का गावात एक वाघ असाच बिनधास्त शिरला होता. जपून ठेवलेल्या ऊतींच्या तपासणीत त्याला कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरच्या गटातल्या विषाणूची लागण असल्याचं निघालं. गीरच्या सिंहांत 2018 साली डिस्टेंपर ओळखला तो आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. जुन्नरच्या बिबट्यांना तो आहे असं मी म्हणत नाही. पण शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला. कुत्र्यांचा हा रोग बिबट्यात शोधायचा नाही, तर कुठे?

बरं, रोग सापडला तरी फाइल मिटत नाही. सेरेंगेटीत 1994 मध्ये सुमारे एक तृतीयांश सिंह गेले आणि दोष डिस्टेंपरवर आला. पुढे साठवलेले रक्तद्रव तपासले, तेव्हा हा विषाणू त्याआधीही येऊन गुपचूप निघून गेल्याचं दिसलं. 1994 च्या साथीत त्याच्या जोडीला दुष्काळानंतर बळावलेला, गोचिडांमार्फत पसरणारा बबेसिया हा परजीवी होता. जुने नमुने फेकले असते तर हा उलगडा झालाच नसता.

राहता राहिलं स्कॅन. स्लाइडवर असतो चार-पाच मायक्रॉन जाडीचा एकच काप, तोही एकाच पद्धतीने रंगवलेला. चित्र कितीही मोठं करा, त्यातून दुसरा काप निघत नाही, प्रतिपिंडांची चाचणी होत नाही, आरएनए मिळत नाही. 1918 च्या फ्लूच्या विषाणूचे जनुकीय तुकडे टाउबेनबर्गर यांच्या चमूने 1997 मध्ये मिळवले, ते एका सैनिकाच्या फुप्फुसाच्या जुन्या पॅराफिन ब्लॉकमधून. तो ब्लॉक ठेवणाऱ्याला त्यातून पुढे काय निघेल याची कल्पनाही नव्हती!

माझ्या मते खरी बेपर्वाई नोंदीत होते. बरणीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी लागते, कारण पेनची शाई पुढच्या अल्कोहोल-झायलीनमध्ये धुऊन जाते. हे कुठलाही जुना तंत्रज्ञ सांगेल. पण चिठ्ठीवर नुसतं ‘बिबट, मादी, येडगाव’ असेल तर ती टिकूनही काय उपयोग? जुन्नरमध्ये पकडलेल्या बिबट्यांना मायक्रोचिप बसवल्या गेल्या आहेत. शवविच्छेदन क्रमांक, चिपचा क्रमांक, ब्लॉकचा क्रमांक आणि जागेचे अक्षांश-रेखांश एकाच ओळीत आले, तर हाच प्राणी आधी कुठे पकडला होता, कुठे सोडला होता, हे कळतं. संगणकाचा आग्रह धरायचा तर तो इथे धरावा. स्कॅनही इथेच जोडावेत.

जागेची सबब तर सोडूनच द्या. एका बिबट्याचे सगळे ब्लॉक चपलेच्या खोक्यात मावतात. त्यांना फ्रीज लागत नाही, वीज लागत नाही. कोरडं, थंडसर कपाट पुरतं. मे महिन्यात तापणारी पत्र्याची शेड तेवढी नको.