छिद्रांमागे लागलेलं शतक

चेहऱ्यावरची छिद्रं माणसाइतकीच जुनी आहेत. त्यांची लाज वाटू लागली ती मात्र फार अलीकडे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी मासिकांत ‘वुडबरीज फेशियल सोप’च्या जाहिराती झळकू लागल्या. सिनसिनाटीच्या अँड्र्यू जर्गेन्स कंपनीने १९०१ मध्ये विकत घेतलेला हा साबण. नाकावरच्या ठळक छिद्रांसाठी जाहिरातीत पद्धतशीर कृती दिलेली असे: कडकडीत पाण्यात पिळलेलं फडकं चेहऱ्यावर ठेवा, फेस हलक्या हाताने चोळा आणि शेवटी नाकावर बर्फाचा खडा फिरवा. उष्णतेने छिद्रं उघडतात, गारव्याने मिटतात, या समजुतीवर ही कृती उभी होती, आणि ती समजूत आजही टिकून आहे.

खरं तर छिद्र हे केसाच्या मुळाचं आणि तैलग्रंथीचं तोंड. ते उघडायला-मिटायला त्याच्याभोवती स्नायूच नाही. त्याचा आकार ठरतो तो आनुवंशिकतेने, तेलाच्या प्रमाणाने आणि वयाबरोबर सैल पडणाऱ्या त्वचेने. आपल्याकडे न्हावी दाढीनंतर गालावर तुरटी फिरवतो तेव्हा त्वचा ताणल्यासारखी वाटते, कारण तुरटी वरच्या थरातली प्रथिनं आकसवते. हा परिणाम थोड्या वेळात ओसरतो.

छिद्रांची खरी धास्ती घेतली ती सिनेमाने. सुरुवातीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे; त्यामुळे चेहऱ्यावरची लाली आणि डाग पडद्यावर काळवंडून येत. नाटकातला जाड रंग चढवला, तर जवळच्या दृश्यात त्याला भेगा पडलेल्या दिसत. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि रशियात रंगभूषा करून १९०४ मध्ये अमेरिकेत आलेल्या मॅक्स फॅक्टरने १९१४ मध्ये खास सिनेमासाठी पातळ, लवचिक रंग बनवला. पुढे टेक्निकलर आलं आणि हा तेलकट रंगही अडचणीचा ठरला: तो चमके, शिवाय आजूबाजूच्या कपड्यांचे रंग चेहऱ्यावर उमटत. उत्तर म्हणून फॅक्टरच्या कंपनीने ओल्या स्पंजने लावायचा, कोरडा दिसणारा ‘पॅनकेक’ काढला. ‘व्होग्ज ऑफ १९३८’ या चित्रपटात तो झळकला. नट्या तो घरी नेऊ लागल्या, तेव्हा कंपनीने तो बाजारातच आणला. मराठी नाटकांच्या रंगपटातही ‘पॅनकेक’ हा शब्द रुळला.

झाकण्याकडून बदलण्याकडे वळण आलं ते प्रयोगशाळेत, आणि त्याची बाजू काळी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर १९५० च्या दशकापासून १९७४ पर्यंत प्रयोग केले. कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेल्या ट्रेटिनॉइनचे प्रयोगही त्यांतलेच. मुरुमांवरचं औषध म्हणून त्याला १९७१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने माफी मागितली ती २०२१ मध्ये.

१९९० च्या दशकात जपानच्या काओ कंपनीच्या ‘बिओरे’ पट्ट्यांनी वेगळाच खेळ मांडला. ओल्या नाकावर पट्टी चिकटवायची, वाळली की ओढून काढायची आणि तिच्यावर उभे राहिलेले बारीक काटे न्याहाळायचे. त्यांतले बरेचसे काटे म्हणजे मळ नव्हे, छिद्रातलं नेहमीचं तेल आणि मृत पेशी. काही आठवड्यांत छिद्र पुन्हा भरतंच.

आजचे सिलिकॉनयुक्त प्रायमर छिद्रांवर गुळगुळीत थर देऊन प्रकाश विखुरतात. काम पॅनकेकचंच, साहित्य नवं. छिद्र नाहीसं करणारा उपाय अजून निघालेला नाही. ट्रेटिनॉइनने छिद्रं काहीशी बारीक दिसू शकतात, पण ते त्वचातज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावं आणि गरोदरपणात टाळावं. उन्हाने त्वचेतलं कोलॅजेन झिजतं, छिद्रांच्या कडा सैल पडतात. म्हणून दुकानात बर्फापासून लेझरपर्यंतचे उपाय समोर मांडले गेले, तरी पहिला खर्च सनस्क्रीनवरच करावा.