उसापासून इंधन : लाभ आणि पर्यावरणाची किंमत

उसापासून तयार होणाऱ्या इथेनॉलचा वाहनांसाठी मोठ्या प्रमाणावर वापर करणाऱ्या देशांत ब्राझील अग्रेसर आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर आयात तेलाचा भार असह्य झाल्याने तेथील सरकारने नोव्हेंबर १९७५मध्ये 'प्रोआल्कूल' हा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९७९मध्ये केवळ इथेनॉलवर धावणारी मोटार बाजारात आली. पेट्रोल व इथेनॉल यांच्या कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या मोटारी २००३पासून मिळू लागल्या. ऑगस्ट २०२५मध्ये तेथील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण ३० टक्के करण्यात आले.

उसाचा रस आंबवून व ऊर्ध्वपातन करून इथेनॉल मिळते. रस काढल्यावर उरणारे बगॅस बॉयलरमध्ये जाळून कारखान्याला लागणारी वाफ व वीज निर्माण होते. त्यामुळे खनिज इंधन अत्यल्प लागते आणि मक्याच्या इथेनॉलपेक्षा उसाचा ऊर्जा-ताळेबंद कितीतरी सरस ठरतो. इंधन जळताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पिकाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. मात्र नत्रयुक्त खतांमुळे जमिनीतून सुटणारा नायट्रस ऑक्साइड आणि यंत्रांना लागणारे डिझेल हेही हिशेबात धरावे लागते.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. तोडणीपूर्वी फड पेटवून पाचट जाळण्याच्या प्रथेमुळे हवा काजळीने भरते. साओ पावलो राज्याने २००२मध्ये कायदा करून ही प्रथा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. तोडणी यंत्राने होऊ लागल्यावर धूर कमी झाला, पण अनेक मजुरांचे काम गेले. एक लिटर इथेनॉलमागे सुमारे १० ते १५ लिटर स्पेंटवॉश निर्माण होतो. तो नदीत गेल्यास पाण्यातील प्राणवायू संपतो. शेतात मर्यादेत दिल्यास पालाश मिळते, अतिरेक झाल्यास भूजल बिघडते. ॲमेझॉन व पांतानाल क्षेत्रांत ऊसविस्तार रोखणारा २००९चा आदेश २०१९मध्ये रद्द झाला.

भारतात २००३मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाने सुरुवात झाली. २०२५मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. मात्र येथे पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. साओ पावलोतील ऊस प्रामुख्याने पावसावर वाढतो. महाराष्ट्रातील आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष शेतात उभा असतो व कालवे-विहिरींच्या पाण्यावर पोसला जातो. ऊस पिकवणाऱ्या लातूरला २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पाऊस कमी पडल्याने साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले; ते पुढे २०२४मध्ये उठवण्यात आले.

उसाचे इंधन कितपत हरित, याचे उत्तर त्यामुळे केवळ मोटारीच्या धुरावरून देता येत नाही. ऊस कोणत्या जमिनीवर आणि कोणाच्या वाट्याच्या पाण्यावर वाढला, यावरही ते अवलंबून असते.