तोट्यानंतरचा सौदा

सांगलीच्या मार्केट यार्डात माझे वडील एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. रोजमेळात नफा आणि तोटा ते एकाच शाईने, एकाच अक्षरात लिहायचे. मी नियम बांधून शेअर घ्यायला लागले तेव्हा तशीच वही घातली. २०११ सालच्या पानांवर लागोपाठ अकरा सौदे तोट्याचे आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये ६,३०० ला शिवलेला निफ्टी पुढे तीन वर्षं त्या आकड्यावर टिकलाच नाही. शेअरचा भाव वीस दिवसांचा उच्चांक मोडायचा, मी घ्यायचे, आणि आठवड्याच्या आत स्टॉपलॉस लागायचा. अकरावी नोंद केल्यावर मी अशाच नियमाने सौदे करणाऱ्या शिकागोच्या ‘टर्टल’ मंडळींचा इतिहास मुळापासून वाचायला घेतला.

रिचर्ड डेनिस हा शिकागोच्या वायदेबाजारातला बडा सटोडिया. उसन्या १,६०० डॉलरपैकी १,२०० मिडअमेरिका एक्सचेंजच्या सदस्यत्वातच गेले, उरलेल्या ४०० वर त्याने सुरुवात केली. ट्रेडर जन्मावा लागतो, असं त्याचा मित्र विल्यम एकहार्ट म्हणे. डेनिसच्या मते तो घडवता येतो. १९८३ च्या अखेरीस वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन डेनिसने माणसं निवडली, दोन आठवडे शिकवलं आणि स्वतःचे पैसे त्यांच्या हाती दिले. सिंगापूरला पाहिलेल्या कासवपालनावरून नाव पडलं ‘टर्टल’.

चार आठवड्यांचा उच्चांक मोडला की खरेदी, हा नियम रिचर्ड डॉन्चियनने त्याआधीच मांडलेला होता. टर्टलांची पहिली पद्धत त्याच जातीची: २० दिवसांच्या उच्चांकावर आत, १० दिवसांच्या नीचांकावर बाहेर. मला थांबवलं ते तोट्याच्या हिशेबाने. बाजाराच्या रोजच्या सरासरी हालचालीला ते ‘एन’ म्हणत. भाव एक एन हलला तर भांडवलाचा एक टक्का हलावा, एवढाच सौद्याचा आकार. स्टॉप दोन एनवर. म्हणजे एक स्टॉप लागला की दोन टक्के गेले, पाच लागले की दहा. आणि दहा टक्के गेले की भांडवल वीस टक्क्यांनी घटलं असं धरून पुढचे सौदे लहान करायचे. सलग तोटे येणार, हे पहिल्याच दिवशी नियमात लिहिलेलं होतं.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. त्या पहिल्या पद्धतीत, मागचा ब्रेकआउट, म्हणजे उच्चांक मोडल्यावरचा सौदा, नफ्याचा ठरला असेल तर नवा सोडून द्यायचा. मागचा तोट्याचा असेल तरच घ्यायचा. हे वाचून मी वही मिटून बराच वेळ बसले. मन जिथे हात आखडायला सांगतं, नेमका तिथेच हा नियम हात पुढे करायला लावतो. सोडलेल्या सौद्यातून मोठी तेजी निघालीच तर ती हुकू नये म्हणून ५५ दिवसांचा उच्चांक मोडला की आत शिरायची तरतूद होती.

सगळे एकाच वर्गात शिकलेले, तरी १९८४ च्या सुरुवातीला हीटिंग ऑइलच्या तेजीत सगळ्यांचे सौदे सारखे नव्हते. वयाने सर्वांत लहान असलेला कर्टिस फेथ पूर्ण आकाराने शिरला, बाकीच्यांनी हात राखला. हे त्यानेच पुढे पुस्तकात लिहिलं आहे. तोटा खुद्द गुरूलाही चुकला नाही: डेनिस चालवत असलेल्या फंडांना १९८७-८८ मध्ये जबर तोटा झाला आणि त्याने काम थांबवलं. त्याच १९८८ साली त्याचा विद्यार्थी जेरी पार्कर याने चेसापीक कॅपिटल काढली.

हे सगळं वाचून माझा बारावा सौदा मी निम्म्या आकाराने घेतला. तोही तोट्यात गेला. तेरावाही. चौदाव्याने बरंचसं भरून दिलं, आणि तो घेता आला कारण तेव्हा हातात पैसे शिल्लक होते.

तुम्हीही अशा नियमांनी सौदे करत असाल, तर पुढचा घेण्याआधी सलग पंधरा तोट्यांची बेरीज कागदावर मांडा. ती रक्कम सोसवत नसेल, तर सौद्याचा आकार आजच कमी करा.