श्रमिकांच्या रक्षणार्थ द्रव्ययोजना : कांहीं जुने दाखले

वडीगोद्री ज्या जालना जिल्ह्यांत आहे, तेथून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबें ऊसतोडणीस बाहेर पडतात. कोयत्याची जखम, मोळी घेऊन गाडीवर चढतांना पडणें, फडांतील सर्पदंश हें त्यांचें नित्याचें भय होय. तें टाळण्याच्या उपायांस पैसा कोणत्या खात्यांतून यावा, हा प्रश्न आजचा दिसतो. परंतु त्याची चर्चा जुन्या साधनांच्या आधारें करतां येते.

कौटिल्याच्या भृत्यभरणीय प्रकरणांत, काम करीत असतां मृत्यु पावलेल्यांच्या स्त्रीपुत्रांस अन्न व वेतन द्यावें असें विधान आहे. सभासद सांगतो कीं, अफझलखानाच्या प्रसंगानंतर (१६५९) जखम पाहून पंचवीसपासून दोनशें होनांपर्यंत दिले, आणि निपुत्रिक मृतांच्या बायकांस निमें वेतन चालविलें. पेशवाईंतील बालपरवेशी याच जातीची. पण हीं सर्व दानें इजा झाल्यानंतरचीं आहेत.

इजा होऊं नये म्हणून केलेली तजवीज आज्ञापत्रांत (१७१५) आढळते. दारूखाना घराजवळ व घराच्या वाऱ्याखालीं नसावा. भोंवतीं निर्गुडी वगैरे झाडांचें दाट कुसूं असावें. तळघर करून गच करावा, त्यावर माच घालून दारूचीं मडकीं ठेवावीं. आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें दारू बाहेर काढून ऊन द्यावें व पुन्हां मुद्रा करावी. अहोरात्र पहारा असावा. हेतु दारू राखण्याचा हें उघड आहे. तथापि तेथें वावरणाऱ्या माणसाचा जीवही त्यानेंच राखला जातो. मला हा उतारा तरवारींच्या वर्णनांहून मोलाचा वाटतो. मात्र गच, माच व पहारेकरी यांचा खर्च कोठून करावयाचा, हें त्या प्रकरणांत वेगळें सांगितलेलें नाहीं.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानें ही उणीव कांहीं अंशीं भरून काढली. विमेदारांच्या आरोग्यसुधारणेच्या उपायांवर निधींतून खर्च करण्याची मुभा त्यांत दिली गेली. परंतु हंगामी कारखाने वगळले, आणि साखरेचे कारखाने त्यांतच पडले! पुढें २०२१ मध्यें ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठीं कारखान्यांकडून उसाच्या दर टनास १० रुपये घ्यावे व तितकीच भर शासनानें घालावी, असें राज्य शासनानें ठरविलें. उत्पन्नाशीं बांधलेली अशी पट्टी मला याचनेच्या अनुदानाहून बरी वाटते. मात्र तिचा कांहीं भाग हातमोजे, बूट, फडावरील औषधपेटी यांसाठीं आधींच वेगळा काढला पाहिजे, नाहीं तर ती नवी बालपरवेशीच ठरेल.

ज्यांच्या संग्रहीं किल्ल्यांचे ताळेबंद व झडतीचे कागद असतील, त्यांनीं दारूखान्याचा गच, कुसूं व पहारा यांच्या रकमा कोणत्या बाबीखालीं मांडल्या आहेत तें पाहून कळविल्यास उपकार होतील. सनदा जपल्या जातात. असे हिशेब बहुधा रद्दींत जातात.