देवस्थानची जमीन आणि गावचे पाणी

पूर्वीच्या काळी गावोगावच्या देवस्थानांना इनाम जमिनी असत. देवाची दिवाबत्ती, नैवेद्य, गुरवाचा निर्वाह आणि वार्षिक यात्रा यांचा खर्च त्या जमिनीच्या उत्पन्नातून भागावा, अशी ती व्यवस्था होती. पाऊसमान बरे असेतो सारे सुरळीत चाले. जमीन पिकेनाशी झाली, की रयतेच्या चुलीप्रमाणे देवाच्या समईलाही ओढ लागे. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानच्या अशाच एका पडीक जमिनीवर पाण्याच्या वाटणीचा जो उपक्रम उभा राहिला, त्याचा इतिहास जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी ग्रामस्थांनी व देणगीदारांनी अवश्य जाणून घेण्याजोगा आहे.

पुरंदर हा थोर परंपरेचा तालुका. सासवडला कऱ्हेकाठी सोपानदेवांची समाधी, जेजुरीला खंडेरायाचे ठाणे. परंतु सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत असल्याने तालुक्याच्या पूर्व भागाला पावसाने नेहमीच हुलकावणी दिली. १९७२ च्या भीषण दुष्काळात तर विहिरी आटल्या, जनावरे दावणीवरून सोडावी लागली आणि स्वतःची शेती असलेला कुणबीही दुष्काळी कामावर खडी फोडू लागला. याच दुष्काळात महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेने मूळ धरले. श्री. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

पुण्यातील एक अभियंते व कारखानदार कै. विलासराव साळुंखे यांनी त्या काळी या भागातील दुष्काळी कामे पाहिली. एवढे मनुष्यबळ खडी फोडण्यात खर्ची पडते, तेच पाणी अडविण्यास लावले तर पुढच्या दुष्काळाची धार बोथट होईल, असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु उपदेशाने शेतकऱ्याची खात्री पटत नाही. त्याला पीक डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणून त्यांनी नायगावच्या देवस्थानकडून सुमारे ४० एकर उताराची, खडकाळ जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली व पत्नी सौ. कल्पनाताई यांच्यासह तेथे काम आरंभिले. उतारावर बांध घातले, खालच्या अंगाला पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर खोदली आणि विहिरीचे पाणी पंपाने पुन्हा वरच्या शेताला दिले. ज्या माळावर पूर्वी कुसळे उगवत, तेथे धान्य पिकू लागले.

पाणी आले, तसा खरा प्रश्नही उभा राहिला. हे पाणी कोणाचे? ज्याची जमीन मोठी, त्याने जास्त घ्यावे, ही चालत आलेली रीत. ती तशीच ठेवली, तर सर्वांच्या घामाने साठलेले पाणी चार घरांतच मुरले असते. यावर विचार होऊन 'पाणी पंचायत' ही पद्धत रूढ झाली. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येने द्यावे, दर माणशी अर्ध्या एकरास पुरेल इतके आणि एका कुटुंबास अडीच एकरांपेक्षा जास्त नाही, असा नियम ठरला. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येत नसे. उसासारख्या बारमाही पाणी पिणाऱ्या पिकास मनाई होती. कारण एक एकर उसाचे पाणी कित्येक एकर ज्वारी-बाजरीला पुरते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भूमिहीनालाही पाण्यात वाटा मिळाला. ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नाही, तोही आपल्या वाट्याच्या पाण्यावर दुसऱ्याचे शेत वाट्याने करू शकला.

खर्चाची विभागणीही विचारपूर्वक केलेली होती. योजनेस १ लाख रुपये लागणार असतील, तर ५० हजार शासनाच्या अनुदानातून, ३० हजार ग्राम गौरव प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्जाऊ आणि २० हजार शेतकऱ्यांनी स्वतः उभे करावयाचे, असे साधारण प्रमाण असे. हे २० हजार गोळा करताना गावकऱ्यांची खरी कसोटी लागे. पण ज्याने पदरचे पैसे घातले, तो फुटका पाइप पाहून स्वस्थ बसत नाही. पाणी देण्यासाठी पाटकरी नेमला जाई व पाळीवरून तंटा झाल्यास गटाची बैठक तो मिटवी. सरकार, संस्था आणि ग्रामस्थ या तिघांपैकी एकानेही अंग काढले असते, तर हे काम तडीस गेले नसते.

कै. साळुंखे २००२ साली निवर्तले. पुढे काही योजना टिकल्या, तर काही बंद पडल्या. जेथे गटाचा एकोपा मोडला, तेथे चांगला पंप व चांगली विहीरही कामी आली नाही, हेही या इतिहासाचे एक पान आहे व ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. तथापि पाण्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांनी संघटितपणे करावे, हा विचार मागे राहिला. २००५ साली महाराष्ट्रात सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा झाला आणि कालव्याच्या पाण्याचा कारभार पाणी वापर संस्थांकडे सोपविण्याची वाट मोकळी झाली.

गावचे देऊळ लोकवर्गणीतून उभे राहते, तेव्हा कोणी हजार देतो, कोणी पायलीभर धान्य, तर कोणी दोन दिवसांचे श्रमदान. गाभाऱ्यात गेल्यावर मात्र प्रसाद सर्वांना सारखाच मिळतो. नायगावी देवस्थानच्या माळावर पाणीही तसेच वाटले गेले. नव्या कळसाकडे पाहताना गावची विहीर, गावचा तलाव आणि ज्याच्या नावे सातबारा नाही असा शेजारी, यांचीही आठवण राहिली, तर जीर्णोद्धाराचे पुण्य शिवारापर्यंत पोहोचेल.