दर्यावरची हाक

आमच्या येडशीहून समुद्र फार लांब. बालाघाटाच्या माळावर पाणी म्हणजे विहीर, नाहीतर तळं. पण दर्या, बंदर, नाखवा हे शब्द मराठीत फारसीतून आले आणि रुळले, त्यामुळे शब्दांच्या नादाने मी समुद्राकडे ओढला गेलो. पाण्यावरून शब्द इतके दूर आले, पण पाण्यावरच्या माणसाची हाक किनाऱ्यापर्यंत पोचायला किती काळ लागला, याची ही हकीकत.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई काही मैलांवर होती, तरी दुपार उलटेपर्यंत तिला पत्ता नव्हता. मासळी घेऊन चाललेल्या कोळ्यांच्या नजरेस पडले, त्यांतले काही वाचले.

पुढे ट्रान्झिस्टर आला. हवामानाचा इशारा होडीवर ऐकू येऊ लागला. किनारा बोलू लागला, पण होडीला उत्तर देता येईना.

२०१०पासून ‘इस्रो’ने तयार केलेलं संकटसूचक यंत्र वापरात आलं. कळ दाबली की उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला खबर जाते. पण २०१७ साली ‘ओखी’ वादळ आलं, तेव्हा आधीच खोल समुद्रात गेलेल्यांना सावध करता आलं नाही. मोबाइल तर किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे मुका होतो. २०१९ साली ‘जेमिनी’ नावाची डबी आली. ती उपग्रहाचा इशारा झेलून मोबाइलवर दाखवते, मात्र तिला बोलता येत नाही. एकाला कान नाही, दुसऱ्याला तोंड नाही! दोन्ही असलेले ट्रान्सपॉन्डर १ लाख नौकांवर बसवण्याच्या ३६४ कोटींच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली.

आता प्रश्न उरतो तो खाऱ्या पाण्याचा. मीठ तारेत शिरलं की तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि जोड निकामी होतो. म्हणून तार कथलाचा मुलामा दिलेली हवी. ती डबीत खालच्या बाजूने घ्यायची आणि आधी तिला थोडा झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. तोंडाशी रबरी चकती घट्ट बसवायची. अँटेना मात्र केबिनच्या माथ्यावर, उघड्या आभाळाखाली हवी. डबीवर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असेल, तर धूळ आत जात नाही आणि ती एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. पण हे सारं चकती शाबूत असेपर्यंतच.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत प्रत्येक चकती आणि प्रत्येक जोड तपासायला हवा. यंत्रं किती वाटली याचा हिशेब सरकार ठेवतंच, पण नारळी पौर्णिमेनंतर त्यांतली किती बोलतात, हेही मोजलं पाहिजे. उपग्रह आभाळात शाबूत असूनही दोन रुपयांच्या रबरापायी माणसाची हाक बुडू नये, एवढंच माझं मागणं आहे.